एका सेकंदाचं माप

कोपर मिटलेलं आहे, मूठ छातीशी आलेली. फिजिओथेरपिस्ट एका हाताने दंडाला खालून आधार देते, दुसऱ्या हाताने मनगटाच्या जरा वर धरते. ‘काका, हात सैल सोडा. तुम्ही काही करायचं नाही, मीच हलवणार आहे,’ असं सांगते आणि मनातल्या मनात ‘एक हजार एक’ म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात कोपर सरळ करते. साधारण एक सेकंद. त्या सेकंदात तिच्या हाताला किती विरोध जाणवला, कुठे जाणवला, शेवटपर्यंत राहिला की मधेच सुटला, यावरून केसपेपरवर एक आकडा पडतो. ० म्हणजे ताठरपणा नाही. ४ म्हणजे सांधा हलतच नाही. मधे १, १+, २ आणि ३.

पक्षाघातातून वाचलेल्या माणसाच्या आखडलेल्या स्नायूंचं माप जगभरातल्या बहुतेक रुग्णालयांत आजही असंच घेतलं जातं. पुढची गोळी, इंजेक्शन, पट्टी, व्यायाम यांचे निर्णय बऱ्याच अंशी या आकड्यावर उभे असतात. म्हणून हा आकडा कुठून आला, त्याला काय कळतं आणि काय कळत नाही, हे डॉक्टरांइतकंच त्या माणसाच्या घरच्यांनाही ठाऊक असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

ब्रायन अ‍ॅशवर्थ या ब्रिटिश न्यूरॉलॉजिस्टने १९६४ मध्ये ही मोजपट्टी वापरली, ती पक्षाघाताच्या रुग्णांसाठी नव्हतीच. मल्टिपल स्क्लेरोसिस या आजारात कॅरिसोप्रोडॉल नावाचं औषध स्नायू सैल करतं का, हे त्यांना तपासायचं होतं. औषधाआधी आणि औषधानंतर तुलना करायला काहीतरी हवं, म्हणून ० ते ४ अशा पाच पायऱ्या त्यांनी ठरवल्या. औषधाचा तो प्रयोग आज कुणाच्या लक्षात नाही, पायऱ्या मात्र राहिल्या. पुढे १९८७ मध्ये अमेरिकेत रिचर्ड बोहॅनन आणि मेलिसा स्मिथ यांनी १ आणि २ च्या मधे १+ ही पायरी घातली आणि एका सेकंदाचा दंडक सांगितला. त्यांनी ३० रुग्णांची कोपरं दोन वेगवेगळ्या तपासणाऱ्यांकडून तपासून घेतली. दोघांचे आकडे सुमारे ८७ टक्के वेळा जुळले. त्या एका सांध्यापुरता हा निकाल चांगला होता. नंतरच्या अभ्यासांत, विशेषतः घोटा आणि पोटरी तपासताना, तपासणाऱ्यांचं एकमेकांशी इतकं जुळलेलं नाही.

कुणाच्या हाताच्या कसबावर मला शंका घ्यायची नाही. वीस वर्षं रुग्ण हाताळलेल्या फिजिओथेरपिस्टला नुसत्या स्पर्शाने जे कळतं ते यंत्राला कळेलच असं नाही. अडचण वेगळी आहे. तो आकडा एका क्षणाचा असतो, आणि त्या क्षणी जाणवलेल्या विरोधामागे दोन अगदी भिन्न कारणं असू शकतात.

पक्षाघात होतो तेव्हा हातपाय सहसा ताठ नसतात, लुळे पडतात. उचलून सोडला की हात धपकन गादीवर पडतो. काही दिवस किंवा काही आठवडे गेले की त्याच हाताला हळूहळू घट्टपणा येऊ लागतो. बोटं आत वळतात, कोपर मिटतं, खांदा अंगाशी चिकटतो. पायात उलट होतं. गुडघा सरळ राहतो, टाच उचलली जाते, पाऊल आत वळतं. घरच्यांना या घट्टपणाचा आनंद होतो. लुळ्या हातात जीव आला असं वाटतं, आणि ते पूर्ण खोटंही नसतं. जन्माने स्वीडिश आणि अमेरिकेत काम केलेल्या सिग्ने ब्रुनस्ट्रॉम यांनी बरं होण्याचे जे टप्पे मांडले, त्यांत लुळेपणानंतर ताठरपणा येतो, वाढतो आणि मग ओसरत जाऊन सुट्या हालचाली परत येतात. काहींचा प्रवास तसा होतो. काहींचा ताठरपणाच्याच टप्प्यावर अडतो. वेगवेगळ्या अभ्यासांत पक्षाघातातून वाचलेल्यांपैकी साधारण २० ते ४० टक्के लोकांत हा ताठरपणा आढळला आहे. आकड्यातला फरक कधी मोजलं आणि कसं मोजलं यावर बराच अवलंबून आहे.

स्नायूच्या आत ताण ओळखणारे सूक्ष्म अवयव असतात. स्नायू एकदम ताणला गेला की ते मज्जारज्जूला कळवतात आणि मज्जारज्जू मेंदूला न विचारता त्याच स्नायूला आकुंचन पावायला सांगतो. एडवर्ड लिडेल आणि चार्ल्स शेरिंग्टन यांनी १९२४ मध्ये या प्रतिक्षिप्त क्रियेचं वर्णन केलं. निरोगी शरीरात मेंदू तिला सतत आवर घालत असतो. पक्षाघातात मेंदूचा आवर घालणारा भाग किंवा त्याच्याकडून खाली येणारे तंतू निकामी होतात आणि आवर सुटतो. ऑस्ट्रेलियन न्यूरॉलॉजिस्ट जेम्स लान्स यांनी १९८० मध्ये या ताठरपणाची जी व्याख्या केली तिचा गाभा वेगात आहे. स्नायू जितक्या वेगाने ताणाल, तितका तो जास्त विरोध करेल. हळू ताणलात तर तोच स्नायू बराच पुढे येऊ देईल.

हे झालं पहिलं कारण. दुसरं कारण खुद्द स्नायूत घडतं. आखूड अवस्थेत राहिलेला स्नायू खरोखरच आखूड होतो. १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मांजराच्या पोटरीचा स्नायू प्लॅस्टरमध्ये आखूड स्थितीत ठेवला, तेव्हा चार आठवड्यांत त्याच्या तंतूंमधल्या आकुंचन पावणाऱ्या एककांची संख्या सुमारे ४० टक्क्यांनी घटली. माणसाच्या बाबतीत सिडनीच्या ओ’ड्वायर, अडा आणि नीलसन यांनी १९९६ मध्ये ‘ब्रेन’ या नियतकालिकात जे मांडलं त्याने अनेकांना विचार करायला लावला. पक्षाघाताच्या रुग्णांच्या कोपरात जाणवणारा विरोध वाढलेल्या प्रतिक्षिप्त क्रियेपेक्षा स्नायूंच्या आखूडपणाशी अधिक निगडित होता. अलीकडे अमेरिकेत प्रीती राघवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक शक्यता पुढे आणली आहे. स्नायूंच्या थरांमध्ये हायलुरोनन नावाचा वंगणासारखा पदार्थ असतो. हालचाल थांबली की तो साचतो, घट्ट होतो आणि थर एकमेकांवरून सरकेनासे होतात. तो विरघळवणारं एन्झाइम टोचून हालचाल वाढल्याचं त्यांनी २०१६ मध्ये एका लहान अभ्यासात दाखवलं.

एखादं दार उघडत नाही तेव्हा आतून कुणीतरी ते ढकलून धरलेलं असू शकतं, किंवा बिजागरी गंजलेली असू शकते. बाहेरून ढकलणाऱ्याच्या हाताला दोन्ही वेळी सारखंच जड लागतं. एका सेकंदाची अ‍ॅशवर्थ चाचणी या दोहोंत फरक करू शकत नाही. आणि उपाय तर अगदी निराळे आहेत. प्रतिक्षिप्त क्रिया वाढलेली असेल तर औषध किंवा इंजेक्शन काम करतं. स्नायूच आखूड झाला असेल तर महागडं इंजेक्शन देऊनही हात फारसा उघडणार नाही. तिथे प्लॅस्टरचे टप्पे, कधी शस्त्रक्रिया लागते.

फरक करण्याची पद्धत जुनी आहे आणि तिला यंत्रही लागत नाही. फ्रान्सच्या गी तार्दिय यांनी १९५० च्या दशकात ती मांडायला सुरुवात केली. मांजराच्या स्नायूचा जो प्रयोग वर सांगितला, त्याच्या लेखकांतही ते होते. सांधा दोनदा हलवायचा. एकदा अगदी हळू, आणि जिथे थांबेल तिथला कोन मोजायचा. मग एकदा शक्य तितक्या वेगाने, आणि जिथे स्नायू खटकन अडतो तिथला कोन मोजायचा. दोन कोनांत मोठं अंतर असेल तर स्नायूत लांबी शिल्लक आहे, त्याला प्रतिक्षिप्त क्रिया अडवते आहे. अंतर कमी असेल आणि हळू हलवूनही हात लवकर थांबत असेल, तर स्नायू आखूड झालेला आहे. साधन म्हणून एक गोनिओमीटर पुरतो, म्हणजे कंपासपेटीतल्या कोनमापकाला दोन पट्ट्या जोडलेलं साधन. तो प्रत्येक फिजिओथेरपी विभागात असतो. वेळ मात्र थोडा जास्त लागतो. ओपीडीबाहेर रांग लागलेली असताना हा जास्तीचा वेळ काढणं किती कठीण आहे हे मान्य करूनही मी म्हणेन की पहिल्या तपासणीत, आणि दर इंजेक्शनआधी, तार्दियचे दोन कोन केसपेपरवर असायलाच हवेत.

आता त्या एका क्षणाकडे वळू. पक्षाघातातून उठलेल्या माणसासोबत एक दिवस घालवलेल्या कुणालाही माहीत असतं की हात दिवसभर सारखा ताठ नसतो. सकाळी अंथरुणातून उठताना वेगळा, अंघोळीच्या कोमट पाण्यानंतर वेगळा. थंडीत वाढतो. बसून चहा पिताना मांडीवर निवांत पडलेला हात, माणूस उठून चालायला लागला की कोपरात वाकून वर येतो. घाईघाईने बाथरूमकडे जाताना जास्तच वर येतो. रागावलं, घाबरलं, जोराने खोकलं की मूठ आवळते. आणि सगळ्यांत चकित करणारं म्हणजे जांभई. जो हात स्वतःहून तसूभर हलत नाही, तो काही रुग्णांत जांभईबरोबर आपोआप उचलला जातो. घरातल्यांना वाटतं हात सुधारला. पुन्हा कर म्हटलं तर होत नाही, आणि मग माणूस मुद्दाम करत नाही असा भलताच अर्थ काढला जातो. तो मुद्दाम काहीच करत नसतो. जांभईची वाट मेंदूच्या खालच्या भागातून जाते आणि इच्छेने हात हलवण्याची वाट तुटलेली असते.

पायाचंही तसंच. खुर्चीत बसून पाऊल जमिनीला टेकवलं की घोटा लयीत थडथड हलू लागतो. अशक्तपणा, भीती, फिट, असे तर्क होतात. तीच ती आवर सुटलेली प्रतिक्षिप्त क्रिया असते, ताण येतो आणि सुटतो, पुन्हा येतो. गुडघ्यावर हाताने दाब देऊन टाच जमिनीवर नीट टेकवली तर बहुतेक वेळा थांबते.

या चढउतारांत एक चढ मात्र दुर्लक्ष करण्याजोगा नसतो. महिनोन्‌महिने एका पातळीवर असलेला ताठरपणा दोन-चार दिवसांत अचानक वाढला, तर बऱ्याचदा शरीरात दुसरीकडे काहीतरी बिघडलेलं असतं. लघवीचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ, पाठीवर किंवा टाचेवर सुरू झालेली जखम, पायाच्या अंगठ्याचं मांसात रुतलेलं नख, खांद्याचं दुखणं, घट्ट बसलेली पट्टी. पक्षाघातानंतर संवेदना कमी झालेल्या आणि कदाचित वाचाही गेलेल्या माणसाला कुठे दुखतंय हे सांगता येत नाही. त्याचा स्नायू ते सांगतो. अशा वेळी स्नायू सैल करणाऱ्या गोळीचा डोस वाढवण्याआधी कारण शोधायचं असतं. महिन्यातून एकदा दवाखान्यात घेतलेल्या एका सेकंदाच्या मापात ही वाढ सापडेलच असं नाही, सापडली तरी ती दोन दिवसांची की दोन महिन्यांची हे कळत नाही.

यंत्रं आहेत, आणि त्यांचा इतिहासही मोठा आहे. जर्मनीच्या पाउल हॉफमन यांनी १९१० मध्ये नसेला विजेचा हलका धक्का देऊन मज्जारज्जूतून परत येणारी लहर नोंदवली. ती चाचणी आज त्यांच्या नावाने चालते. रॉबर्ट वॉर्टेनबर्ग यांनी १९५१ मध्ये फारच साधी युक्ती सुचवली. रुग्णाला टेबलाच्या कडेला बसवायचं, पाय सरळ उचलून सोडून द्यायचा आणि तो किती झोके घेतो ते बघायचं. निरोगी पाय अनेक झोके घेत थांबतो, ताठ पाय लवकर अडतो. आज तेच झोके पायाला बांधलेल्या छोट्या सेन्सरवर मोजले जातात. मोटरवर चालणारे डायनामोमीटर ठरलेल्या वेगाने सांधा हलवून विरोध मोजतात. एस्टोनियातल्या टार्टू शहरात विकसित झालेलं एक हातात मावणारं उपकरण त्वचेवर हलकी टिचकी मारून खालच्या स्नायूचं कंपन वाचतं. सोनोग्राफीच्या नव्या तंत्रात स्नायूतून एक लहर सोडतात. स्नायू जितका घट्ट, तितकी ती जोरात धावते. आणि गेल्या काही वर्षांत सर्वाधिक काम चाललंय ते अंगावर घालायच्या सेन्सरवर. हातमोज्यात, बाहीत, पट्ट्यात बसवलेले हे सेन्सर सांध्याचा कोन, हालचालीचा वेग आणि स्नायूतली विजेची हालचाल दिवसभर नोंदवतात.

शेवटच्या प्रकाराकडून मला खरी आशा आहे, कारण तोच एकटा त्या एका सेकंदातून बाहेर पडतो. पण तो तयार करणाऱ्यांनी काही गोष्टी पाहायला हव्यात. बाही चढवायला दोन हात लागत असतील तर ती या माणसासाठी नाही. मे महिन्याच्या घामात इलेक्ट्रोड चिकटून राहत नसेल तर तिची नोंद कोकणात आणि विदर्भात उपयोगाची नाही. पातळ, नाजूक त्वचेवर पट्टा दिवसभर राहिला तर वळ उठतो, आणि बधिर हाताला तो समजत नाही. आणि यंत्राने दिलेला आकडा सुधारला पण सदरा घालायला आजही तेवढाच त्रास होत असेल, तर त्या सुधारणेचा त्या माणसाला काय उपयोग, याचं उत्तर यंत्र देत नाही.

माप घेण्याची वेळ किती महत्त्वाची आहे हे बोटुलिनम इंजेक्शनच्या बाबतीत सगळ्यांत स्पष्ट दिसतं. विषारी अन्नातून जिवावर बेतणारा हा जिवाणूचा पदार्थ अगदी सूक्ष्म मात्रेत औषध म्हणून वापरण्याची वाट सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ अ‍ॅलन स्कॉट यांनी तिरळेपणाच्या उपचारातून उघडली. १९८९ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. पक्षाघातानंतर आखडलेल्या मनगट-बोटांसाठी १२६ रुग्णांवर झालेली चाचणी २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. हाताच्या ताठरपणासाठी अमेरिकेत औपचारिक मान्यता यायला २०१० साल उजाडलं. हे औषध नसेच्या टोकाकडून स्नायूला जाणारा रासायनिक निरोप अडवतं. काही दिवसांत परिणाम दिसू लागतो, चार ते सहा आठवड्यांत तो सर्वाधिक असतो आणि साधारण तीन महिन्यांत ओसरतो.

याचा अर्थ असा की इंजेक्शन ही उघडलेली एक खिडकी आहे, आणि ती ठरावीक आठवडेच उघडी असते. त्या काळात हात ताणायचा, पट्टी लावायची, उघडणाऱ्या स्नायूंना काम द्यायचं. त्या काळात बघायचं की हात खरंच सोपा झाला का. रुग्ण थेट चौदाव्या आठवड्यात परत आला तर परिणाम येऊन गेलेला असतो, केसपेपरवर जुनाच आकडा पुन्हा पडतो आणि हजारो रुपये खर्चून ‘फायदा झाला नाही’ असा शेरा मिळतो. फायदा झाला होता की नाही हे त्या मधल्या आठवड्यांत घरात कुणी पाहिलं होतं, त्यालाच माहीत. ते त्याला कुणी विचारलेलं नसतं.

काय विचारायचं, हेही २००२ च्या त्या चाचणीने दाखवून दिलं आहे. तिथे स्नायूच्या घट्टपणाबरोबर चार गोष्टी ० ते ३ अशा मोजल्या होत्या: हाताची स्वच्छता, कपडे घालणं, हाताची ठेवण आणि दुखणं. यातली कुठली एक गोष्ट सुधारायची ते रुग्णासोबत आधीच ठरवलं होतं. पुढे ब्रिटनमध्ये ३३३ रुग्णांवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बोटुल्स चाचणीत इंजेक्शनमुळे हाताने वस्तू उचलणं, वापरणं यात ठळक सुधारणा दिसली नाही. तळहात उघडून धुणं, बाहीत हात घालणं अशा मूलभूत गोष्टी मात्र सोप्या झाल्या. काहींना हा निकाल निराशाजनक वाटला. ज्यांनी रोज सकाळी कुणाची तरी आवळलेली मूठ उघडून धुतली आहे, त्यांना तो तसा वाटणार नाही. नखं तळहातात रुततात, घाम साचतो, वास येतो, कातडी सोलपटते. मूठ न दुखता उघडणं ही त्या घरातली फार मोठी गोष्ट असते.

मूठ उघडण्याची एक रीत प्रत्येक घराला शिकवायला हवी, म्हणून ती इथे लिहिते. बोटांची टोकं धरून ओढायची नाहीत. ओढलं की स्नायू उलट आवळतो. आधी मनगट हलकेच आणखी आत वाकवायचं. त्यामुळे बोटं मिटणाऱ्या कंडरा सैल पडतात. मग अंगठा मुळापासून धरून बाहेर घ्यायचा, आणि मग बोटं, सावकाश. सावकाशपणाचं कारण लान्स यांच्या व्याख्येतच आहे.

महाराष्ट्रात हे सगळं कुठे येऊन भिडतं? डॉ. पी. एम. दलाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ आणि २००६ या दोन वर्षांत मुंबईच्या एका भागातल्या दीड लाखाहून अधिक वस्तीत पक्षाघाताची नोंद ठेवली. दर लाखामागे वर्षाला सुमारे १४५ जणांना पहिला पक्षाघात होत होता. २८ दिवसांत त्यांतले जवळपास ३० टक्के दगावले. उरलेले ७० टक्के घरी गेले. सुरुवातीच्या तासांतल्या उपचारांबद्दल, गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनबद्दल आपल्याकडे आता बोललं जातं, आणि ते बोललं जायलाच हवं. घरी गेलेल्यांचं तिसऱ्या महिन्यात, दुसऱ्या वर्षी काय होतं, यावर मात्र फारच कमी बोललं जातं.

पुनर्वसनाची परंपरा आपल्याकडे नाही असं नाही. देशातली पहिली फिजिओथेरपी शाळा पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने मुंबईच्या केईएममध्ये सुरू झाली. हाजीअलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था १९५५ पासून आहे. पण ताठरपणा हा रोजचा प्रश्न आहे आणि रोज मुंबई गाठता येत नाही. ज्याच्या ‘अंगावरून वारं गेलं’ त्याला जीपमध्ये किंवा एसटीत चढवून तालुक्याला नेणं म्हणजे घरातल्या दोन माणसांचा रोज बुडणं. मग चार फेऱ्या होतात आणि थांबतात. उरतं ते तेल-मालिश, कुणी सांगितलेला लेप, क्वचित कुठे कबुतराचं रक्त चोळणं. आणि हातात दिलेला स्पंजचा बॉल. बॉल दाबायचा सल्ला तर शेजारीपाजारीही देतात. आवळणारे स्नायू आधीच जास्त ताठ असलेल्या हातात, बोटं उघडता येत नसताना, दिवसभर बॉल दाबत बसणं अनेक फिजिओथेरपिस्टना पसंत नाही. उघडण्याचा सराव हवा असतो.

या घरांत लक्ष ठेवणारं माणूस असतंच. बहुतेक वेळा बायको, सून किंवा मुलगी. आज ब्लाऊजची बाही चढवायला किती वेळ लागला, काल चप्पल पायात राहिली का, रात्री पाय ओढला गेल्याने किती वेळा जाग आली, हे तिला तंतोतंत माहीत असतं. ओपीडीत ती मागे उभी असते. कागद तिच्या हातात असतात आणि प्रश्न दुसऱ्याच कुणाला विचारले जातात.

म्हणून सगळा भार तिच्यावर टाकावा, असं मात्र मला अजिबात म्हणायचं नाही. त्याबाबत आपल्याच देशातला पुरावा आहे. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अटेंड या चाचणीत भारतातल्या १४ रुग्णालयांत १,२५० रुग्ण घेतले होते. निम्म्यांच्या घरच्यांना घरीच पुनर्वसन करण्याचं प्रशिक्षण दिलं गेलं. सहा महिन्यांनी पाहिलं तर मृत्यू आणि परावलंबन यांत काहीच फरक नव्हता. घरच्यांना थेरपिस्टच्या जागी उभं करून थेरपी होत नाही, असा त्याचा अर्थ मी घेते. नुसतं रोज हात ताणत राहण्याबाबतही भ्रम नको. चेतासंस्थेच्या आजारांत स्नायू ताणण्याच्या उपायांवरचे अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात, सात महिन्यांहून कमी काळ केलेल्या ताणण्याने सांध्याच्या हालचालीत महत्त्वाचा फरक पडत नाही, असंच निघालं. रोज तास-तास हात ताणूनही तो आखडला, तर सुनेचं काही चुकलं असा त्याचा अर्थ होत नाही. हे तिला कुणीतरी स्पष्ट शब्दांत सांगायला हवं.

तिच्याकडून थेरपी मागू नये, तिला जे दिसतं ते मागावं. एक वही पुरते. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी: तळहात धुताना मूठ किती उघडली, बाही चढवताना दुखलं का, उभं राहताना टाच टेकली का. खिशातल्या मोबाइलने तोच कोन, त्याच जागेवरून, त्याच उजेडात काढलेला फोटो. इंजेक्शन दिलं असेल तर त्याची तारीख वर ठळक. गोळी चालू असेल तर तिची वेळ, आणि ती घेतल्यावर माणूस किती पेंगतो. बॅक्लोफेनसारखी गोळी स्वस्त असते आणि ताठरपणा उतरवते, पण सोबत झोप आणते, आणि बरी बाजूही ढिली करू शकते. ती संपली म्हणून एकदम थांबवणं धोक्याचं असतं; भ्रम होऊ शकतो, झटके येऊ शकतात. दुकानात गोळी मिळाली नाही तर डॉक्टरांना त्याच दिवशी कळवायचं, हे वहीच्या पहिल्या पानावर हवं. ओपीडीत या वहीची दोन पानं वाचायला दोन मिनिटं लागतील. चौदाव्या आठवड्यात आलेल्या रुग्णाचा सहावा आठवडा त्या दोन पानांत सापडेल.

पायाच्या बाबतीत तर वहीनेही भागत नाही, कारण तिथला ताठरपणा नेहमी शत्रू नसतो. कमजोर झालेल्या पायाचा गुडघा ताठ राहतो म्हणूनच काही जण त्यावर वजन देऊन बाथरूमपर्यंत जातात. तो ताठरपणा काढून घेतला आणि खाली ताकद नसली, तर गुडघा दुमडतो आणि माणूस पडतो. कागदावर आकडा ३ चा १ झालेला असतो. हे टाळण्यासाठी अनुभवी केंद्रांत पोटरीत बोटुलिनम द्यायचं की नाही हे ठरवण्यापूर्वी एक तात्पुरती चाचणी करतात. गुडघ्याच्या मागून जाणाऱ्या नसेजवळ भूल देणारं औषध टोचतात. काही तास पोटरीचे स्नायू सैल पडतात. तेवढ्या वेळात रुग्णाला, सोबत आधाराला माणूस ठेवून, त्याच व्हरांड्यातून चालवतात जिथून त्याला इंजेक्शनआधी चालवलं होतं. टाच टेकते का, पाऊल आत वळायचं थांबलं का, घोटा वाकून पाय पुढे येतो का, आणि गुडघा धरतो की सोडतो, हे पाहतात. त्याला स्वतःला पाय हलका वाटला की भरवसा गेल्यासारखा वाटला, हेही विचारतात. चालणं सुधारलं तर बोटुलिनमची तारीख देतात. गुडघा डगमगला तर ते टाळून घोट्याला आधाराची पट्टी बनवायला देतात. भुलीचा असर संध्याकाळपर्यंत उतरतो आणि पाय पूर्वीसारखा ताठ होतो.